ज्याच्यावाचून अडतं ते

मुलांनो, डोळे मिटा आणि एक पेटी आठवा. तुम्ही ती पाहिलेली नाही, तरी आठवा; जमेल. लाकडी, नवी, रंध्याचा वास येणारी. लांबी इतकी की तुमच्यापैकी दोघं आत सुखाने आडवे होतील. ही पेटी समुद्रापलीकडे जायची आहे. तिथे तुमच्याच वयाची साठ मुलं आहेत आणि त्यांच्याकडे जवळजवळ काहीच नाही. आता सांगा, तुम्ही तिच्यात काय टाकाल?

घाई नको. मी शिक्षक आहे. मुलांच्या उत्तराची वाट बघण्याचा मी चौतीस वर्षं पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यापासून तेच काम फुकट करतो. तुम्ही विचार करा, तोवर मी माझ्या वर्गाने काय उत्तर दिलं ते सांगतो. त्या उत्तरापायी एका सकाळी अख्ख्या गल्लीला पाव मिळाला नाही, एका विमा एजंटाने मला जवळजवळ चोर ठरवलं, आणि एका गोदामाचा रखवालदार माझ्यावर कायमचा रुसला. तरीही त्या वर्गाचा मला जितका अभिमान वाटतो तितका अजून कशाचाच वाटलेला नाही.

दर रविवारी मिस्साची प्रार्थना झाली की चर्चच्या मागच्या खोलीत मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. एकतीस मुलं. एकतीस मुलं म्हणजे काय, हे ज्याने कधी एका खोलीत एकतीस मुलं ठेवली नाहीत त्याला सांगून कळणार नाही. पण माझ्याकडे पितळेची हातघंटा होती. शाळा सोडताना मला दोन वस्तू मिळाल्या. एक भिंतीवरचं मोठं घड्याळ, माझ्या सेवेची वर्षं कोरलेलं, टाळ्यांच्या गजरात दिलेलं. दुसरी ही घंटा. ती कुणी दिली नाही, मीच मुख्याध्यापकांना विचारून उचलून आणली. तिचे तीन टोल दिले की वर्ग गप्प व्हायचा. टण. मग एक श्वास. टण. मग एक श्वास. टण. ओरडायचं नाही, टेबल बडवायचं नाही. सगळी खुबी त्या श्वासात आहे, आणि ती साधायला मला बरीच वर्षं लागली.

तर, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. दरवर्षी या दिवसांत आमचे फादर परदेशातल्या एखाद्या गरीब धर्मग्रामासाठी मदत गोळा करतात. यंदा समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगरावर शाळा चालवणाऱ्या एका सिस्टरचं पत्र आलं होतं. मिस्सामध्ये ते वाचून दाखवण्याचं काम फादरनी माझ्याकडे दिलं, आणि मी ते असं काही वाचलं की नंतर तीन माणसांनी येऊन हात मिळवला. पत्रात काय होतं, म्हणाल तर शाळा, डोंगर, धुकं वगैरे मजकूर होता. मला खरं आठवतं ते एवढंच, की चौथ्या वाक्याला माझा आवाज फार छान लागला.

त्या भरात मी जाहीर केलं, "एक पेटी भरून पाठवू. जबाबदारी माझी."

पेटी गुरुवारी दुपारी बाराच्या आत जहाज कंपनीच्या गोदामात तयार हवी होती. बाराला ट्रक बंदराकडे निघणार होता, आणि त्यानंतरचं जहाज थेट सहा महिन्यांनी होतं. मी म्हटलं, दोन आठवडे हातात आहेत. दोन आठवड्यांत मी अख्ख्या वर्गाला भागाकार शिकवले आहेत.

सुताराच्या दुकानात जागा नव्हती, म्हणून पेटी माझ्या पुढच्या खोलीत बनवायचं ठरलं. दाराची रुंदी मोजण्याचं काम आमच्या वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी आपणहून घेतलं. विमावाल्यांना न विचारता सल्ला द्यायची सवय आहे. धंदाच तसा आहे. त्यांनी दार मोजलं, अगदी बरोबर मोजलं, वहीत लिहूनही ठेवलं. सुताराला सांगायचं तेवढं राहिलं. पेटी तयार झाली तेव्हा ती दाराहून चार बोटं जास्त रुंद भरली.

"पेटी बारीक करता येणार नाही," सुतार म्हणाला. "पण दार काढता येईल."

दार चौकटीसकट निघालं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं. सुताराला दुसरं काम होतं. बसवायला तो शुक्रवारी येणार होता. तोवर माझ्या घराला दार नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग देणग्या येऊ लागल्या. लोक उदार असतात यावर माझा विश्वास आहे, आणि त्या आठवड्यात तो फार कसोटीला लागला. गेल्या वर्षीची कॅलेंडरं आली. डाव्या पायाचा एक बूट आला. दुसऱ्या क्रमांकाचा एक कप आला, कशातला दुसरा ते खोडलेलं होतं. चेन नसलेल्या विजारी आल्या, विजार नसलेले पट्टे आले. एका बाईंनी तळाला भोक पडलेलं पातेलं दिलं आणि वर म्हणाल्या, "तिकडे डाग लावणारं कुणी असेल की."

मी रात्री जेवताना फार तावातावाने बोललो. माणसं घर झाडतात आणि त्याला दान म्हणतात, असं काहीसं. बायकोने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही काय दिलंत?"

"माझा तपकिरी कोट."

"जो तुम्हाला नऊ वर्षं बसत नाही, तो?"

मी पाणी प्यायलो.

पुढच्या रविवारी मी वर्गात माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पाठ घेतला. शुभवर्तमानातली ती गरीब विधवा तुम्हाला ठाऊकच आहे. श्रीमंत लोक मंदिराच्या पेटीत थैल्या ओततात आणि ती येऊन दोन छोटी नाणी टाकते. येशू म्हणतो, सगळ्यांत जास्त हिने दिलं, कारण बाकीच्यांनी उरलेलं दिलं. मी म्हटलं, "उरलेलं द्यायला काय लागतं? ज्याच्यावाचून घर अडेल, ते द्या." खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि या वेळी घंटाही वाजवली नव्हती. मग मी पुढचाही धडा घेतला. दान गाजावाजा करून देऊ नये, गुपचूप द्यावं. "म्हणून," मी म्हटलं, "आपापली वस्तू कागदात गुंडाळा. नाव लिहू नका. कुणाला सांगू नका. घरीसुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो, ते आजही मला कळलेलं नाही.

बुधवारी संध्याकाळी मुलं आली. एकेक जण गंभीर तोंड करून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पेटीत ठेवून जात होता. एक पुडकं इतकं लांब होतं की तिरपं ठेवावं लागलं. भेट उघडून बघू नये हे मी पाळतो, शिवाय गुपचूप दानाचा पाठ माझाच. मी यादीत लिहिलं, "भेटवस्तू, कागदात गुंडाळलेल्या, नग एकतीस." पेटी हातगाडीवरून गोदामात गेली, तिला शिशाचं सील लागलं, आणि मी घरी येऊन, दार नसलेल्या घरात, मोठ्या समाधानाने झोपलो.

गुरुवारी सकाळी पाव आला नाही.

आमच्या गल्लीत बेकरी आहे. बेकरीवाला रोज पहाटे तीनला उठतो, भट्टी पेटवतो, आणि सहाला गरम पाव दारात. त्या दिवशी साडेसातला बेकरी बंद. आठला बेकरीवाला स्वतःच माझ्या पुढच्या खोलीत उभा. दार नव्हतंच, त्यामुळे ठोठावण्यात त्याचा वेळ गेला नाही.

"मास्तर, तुमच्याकडे चोर आला होता का हो? माझं गजराचं घड्याळ गेलंय. आज साडेसातला उन्हाने उठवलं मला. आयुष्यात पहिल्यांदा."

मी त्याला धीर देत होतो तेवढ्यात शिंपीकाकू आल्या. त्यांची मोठी कात्री गेली होती. त्यांच्या मागून शेजारचे आजोबा आले, उलट्या छत्रीवर भार टाकत. त्यांची काठी नाहीशी होती. वरून विमावाले उतरले. स्कूटरची किल्ली गेलेली, आणि ग्राहक दहाची वेळ देऊन बसलेला. मग कुणाचा टीव्हीचा रिमोट, कुणाचा चष्मा, एका घरात तर कुकरची शिट्टी. अर्ध्या तासात खोली भरली. एवढी गर्दी माझ्या निरोपसमारंभालाही नव्हती.

विमावाल्यांनी सूत्रं हातात घेतली. "टोळी आहे," ते म्हणाले. "पण विचित्र टोळी. पैसे नेले नाहीत, दागिना नेला नाही. कुकर सोडला आणि शिट्टी नेली. हा चोर साधा नाही. ज्याच्यावाचून घर अडतं, नेमकं तेच उचलतो."

ते वाक्य ओळखीचं होतं. जवळजवळ शब्दन् शब्द माझं होतं.

विमावाले आता माझ्याकडे बघत होते. "आणि मास्तर, तुमच्या घराला दारच नाही. तुमचं काहीच गेलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"संशय नाही हो. आपलं विचारलं."

चौतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की खरं बोलायला एकच क्षण जड जातो, मग हलकं वाटतं. तो क्षण फार लांबला. मी खुर्चीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो, आणि सगळं सांगितलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

बेकरीवाल्याने वळून आपल्या धाकटीकडे बघितलं. ती त्याच्या मागे उभी होती. आठ वर्षांची, दोन वेण्या, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी. वर्षभरात ती माझ्या वर्गात चारेक वाक्यं बोलली असेल.

"तू नेलंस?"

तिने मान डोलावली.

"सांगायचं नाही का?"

"सर म्हणाले, घरीसुद्धा नाही."

सगळी खोली माझ्याकडे वळली.

त्यानंतर आम्ही गोदामाकडे निघालो ते वरातीसारखे. पुढे विमावाले पायी, हातात हेल्मेट, का ते त्यांनाच ठाऊक. मग कोपरापर्यंत पीठ लागलेला बेकरीवाला आणि त्याचा हात धरून धाकटी, कारण तिची शाळा दुपारची होती. मग शिंपीकाकू, छत्रीवर आजोबा, बाकीची मंडळी, आणि सगळ्यात मागे मी.

गोदामातल्या कारकुनाच्या कानावर एक पेन होतं आणि टेबलावर कसलीही घाई नव्हती. त्याने सगळं ऐकलं आणि एक फॉर्म काढला. "सील तोडायचा अर्ज. कारण या चौकोनात लिहा."

चौकोन टपाल तिकिटाएवढा होता. मी लिहिलं, "विद्यार्थ्यांनी शिकवलेलं ऐकलं."

कारकुनाने वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. "हे कारण आमच्या यादीत नाही. पण खोटं वाटत नाही." त्याने शिक्का मारला.

पेटी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला एकटीच ठेवलेली होती. तिच्याजवळ रखवालदार हाताची घडी घालून उभा होता.

"ही तुमची का?" त्याने विचारलं. "पहाटे तीनला केवढ्यांदा वाजली ही. अकरा वर्षं झाली इथे रात्रपाळीला, तीनला कधी जागा झालो नव्हतो."

"रात्रपाळीला होतास ना तू?" मागून कारकुनाने विचारलं.

रखवालदाराने हाताची घडी सोडली आणि तो फाटकाकडे चालू लागला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

सील तुटलं. कारकून एकेक पुडकं सोडून मोठ्याने नोंद करत होता. "कात्री, एक. रिमोट, एक. शिट्टी, कुकरची, एक. कुकर कुठाय?"

"कुकर नाही," मी म्हटलं.

"नुसती शिट्टी पाठवताय?"

"तिच्यावाचून अडतं."

"अडणारच. पण इकडे." त्याने शिट्टी बाजूला ठेवली. "काठी, एक. किल्ली, एक. तिकडे स्कूटर आहे का कुणाची?"

ज्याची वस्तू निघेल तो पुढे होऊन घेत होता, आणि आनंद होता सगळ्यांच्या तोंडावर. विमावाल्यांनी किल्लीचं चुंबन घेतलं. आजोबांनी छत्री सोडून काठी धरली आणि एकदम दोन इंच उंच झाले. एकतीस पुडकी संपली, तशी पेटी अर्ध्याहून खाली गेली, आणि तळाला जे उरलं ते सगळ्यांना दिसलं. कॅलेंडरं. डावा बूट. कप. पातेलं. विजारी. आणि सगळ्यांच्या वर, हात पसरून, माझा तपकिरी कोट.

कारकुनाने वाकून बघितलं. "आणि हे जाणार आहे तिकडे?"

शिंपीकाकूंनी पदर सारखा केला. भोकाच्या पातेल्याच्या मालकीणबाई छताकडे बघू लागल्या.

"चला," बेकरीवाला म्हणाला आणि घड्याळ घ्यायला हात पुढे केला. ते धाकटीच्या हातात होतं. किल्लीचं, दोन वाट्यांचं, जुनं घड्याळ. तिने सोडलं नाही.

"दे बाळा. त्याच्यावाचून पाव होत नाही."

"त्यांच्याकडे घड्याळ नाहीये," ती म्हणाली.

"कुणाकडे?"

मग तिने ते पत्र म्हटलं. वाचलं नाही, म्हटलं. एकदा ऐकलेलं, अगदी खालच्या आवाजात, हातवारे न करता. "आमच्याकडे घड्याळ नाही. मुलं डोंगराच्या पलीकडून उन्हाचा अंदाज घेऊन निघतात. पण पाच महिने धुकं असतं. मग काही मुलं अंधारातच येऊन पायरीवर बसून राहतात, आणि काही इतक्या उशिरा येतात की जेवण संपलेलं असतं. दिवसभरात त्यांना तेवढंच जेवण असतं." ती थांबली. "सरांनी वाचलं होतं."

हो, मी वाचलं होतं. चौथ्या वाक्याला आवाज छान लागला होता, ते हेच. शाळा, डोंगर, धुकं वगैरे. त्या दिवशी चर्चमध्ये दोनशे माणसांनी माझा आवाज ऐकला होता. पत्र ऐकलं होतं ते एका मुलीने.

बेकरीवाल्याचा हात खाली आला. पण चेहरा अवघडलेला होता, आणि त्याचंही काही चूक नव्हतं. पाव नाही तर त्याच्या घरात चूल नाही. नवं घड्याळ चार दिवसांत आणता येईल, पण चार दिवस गल्ली थांबत नाही. दुसऱ्या बेकरीला गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

कारकुनाने कानावरच्या पेनने डोकं खाजवलं. "शिवाय एक आहे. घड्याळ शाळेत असणार. पोरं डोंगरापलीकडे. त्यांना कसं कळणार किती वाजले ते?"

धाकटीने पेटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, वर्गात मुलं शंका विचारतात तसं विचारलं.

"सर, तुम्ही काय टाकलंत?"

सगळ्यांनी कोटाकडे बघितलं. कोटाची एक बाही पेटीबाहेर आली होती, जणू तोही हात वर करून काही सांगू बघत होता.

सव्वाअकरा झाले होते. "थांबा," मी म्हटलं. "माझं भिंतीवरचं घड्याळ देतो. हिच्या बाबांचं घड्याळ त्यांना राहू दे." हे मी जरा मोठ्या आवाजात म्हटलं, आणि गोदामातून बाहेर पडताना माझी मान चांगली ताठ होती.

घरी पोचलो, स्टूल घेतलं, घड्याळाला हात घातला.

"ते कशाला काढताय?" बायकोने विचारलं.

"समुद्रापलीकडे देतोय. याच्यावाचून माझं अडेल, तरी देतोय."

"ते बंद आहे."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. पावणेपाचला."

मी स्टुलावर उभा राहिलो तो उभाच राहिलो. मुलांनो, मी रोज त्या घड्याळाकडे बघून म्हणत असे, पावणेपाच झाले, चहा टाक. आणि ती टाकत असे. तीन वर्षं.

"बोलली का नाहीस?"

"तुमचं काही अडत नव्हतं," ती म्हणाली. मग कपाटावरून पितळी घंटा काढून तिने माझ्या हातात दिली. "तुमचं अडतं ते हिच्यावाचून. न्यायची तर ही न्या. माझंही भलं होईल, चहाला हाक मारायच्याऐवजी हिला बडवणं तरी थांबेल."

मी घंटेकडे बघितलं. मुठीचं लाकूड माझ्या बोटांच्या आकाराने झिजलं होतं. ही गेली तर रविवारी एकतीस मुलांपुढे मी काय करणार, हे मला खरोखरच सुचेना. आणि त्यावरूनच कळलं, की हीच.

सगळा रस्ता मी पळत गेलो. माझ्या वयाला जे पळणं म्हणतात ते. घंटा छातीशी धरली तरी वाजत होती. वाटेतल्या शाळेत मधली सुट्टी व्हायची होती, ती पंधरा मिनिटं आधीच झाली. मुलं मैदानात सांडली आणि एक शिक्षिका खिडकीतून माझ्याकडे अशा नजरेने बघत होत्या की मी ओळख दाखवली नाही.

गोदामात पोचलो तेव्हा बाराला दहा मिनिटं होती, आणि मला वाटलं होतं तसं माझी वाट बघत कुणी थांबलं नव्हतं. पेटीभोवती गडबड होती. तळातला सगळा कचरा बाहेर काढून एका कोपऱ्यात लावला होता. शिंपीकाकू घरी जाऊन मुलांचे बारा सदरे घेऊन आल्या होत्या, दुकानासाठी शिवलेले, कोरे. विमावाले स्कूटरवरून आपला नवा रेनकोट घेऊन आले होते, किमतीचं लेबल लटकत असलेला. तो ठेवताना त्यांचं तोंड दात काढून घेताना होतं तसं झालं होतं, पण ठेवला. पातेलेवाल्या बाईंनी झाकणासकट दुसरं मोठं पातेलं आणलं होतं आणि त्याला बुडाकडून ठोकून सगळ्यांना दाखवत होत्या. आणि घड्याळ सदऱ्यांच्या घडीत नीट ठेवलेलं होतं.

"अहो, पण पाव?" मी धापा टाकत विचारलं. "माझं घड्याळ... ते जरा..."

"मिटलं ते," बेकरीवाला म्हणाला. "आजोबा उठवणार मला."

आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "मी अडीचपासून टक्क जागा असतो, मास्तर. छताकडे बघत. त्याची आणि माझी भिंत एकच. तीनला काठीने तीन ठोके दिले की झालं. म्हातारपणी मला कुणी काही काम सांगत नाही. आता हे माझं." आणि त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला, ज्याने ती काठी पळवली होती.

मी छातीशी धरलेली घंटा पुढे केली. ती आपसूक एकदा वाजली आणि सगळे वळले. "सिस्टर घड्याळात बघेल," मी कारकुनाला म्हटलं, "आणि ही वाजवेल. आमच्या आवारात वाजवली तर बाजारापर्यंत जाते. डोंगरावरून तर फारच लांब जाईल."

"धुक्यातसुद्धा?" धाकटीने विचारलं.

"धुकं नजर अडवतं. आवाज अडवत नाही."

तिने थोडा विचार केला आणि मान डोलावली. मी आयुष्यभर हजारो मुलांना बरोबरच्या खुणा दिल्या. त्या दिवशी एक मला मिळाली.

घंटा मी माझ्या हाताने घड्याळाशेजारी ठेवली, आवाज होऊ नये म्हणून आत एक मोजा कोंबून. कारकुनाने नवी यादी लिहिली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने हातातलं पेन पेटीत टाकलं, झाकण ठोकायला सांगितलं, आणि सहीसाठी माझं पेन मागितलं. बाराला ट्रक निघाला.

शुक्रवारी पाव पावणेसहालाच आला. आजोबांनी पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात पाव तास आधी ठोके दिले होते. सुतारही आला, दार बसलं.

मग रविवार उजाडला.

मिस्सा संपली आणि मी मागच्या खोलीत गेलो. एकतीस मुलं, आणि चार दिवसांत जे घडलं ते प्रत्येकाला प्रत्येकाला सांगायचं होतं. कुणी बाकावर उभं, कुणी बाकाखाली, कुकरच्या शिट्टीचा मालक शिट्टीचा आवाज काढतोय. मी टेबलाशी उभा राहिलो. सवयीने उजवा हात टेबलाच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच राहिला, रिकामी मूठ वळलेला. मी म्हटलं, "मुलांनो," आणि ते मलासुद्धा ऐकू आलं नाही. टेबलावर थाप मारली. त्यांना वाटलं मीही त्यात सामील आहे. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला वर्गाबाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं.

तेव्हा शेवटच्या बाकावरून धाकटी उठली.

ती दोन बाकांच्या मधून पुढे आली, माझ्या टेबलाशेजारी उभी राहिली आणि वर्गाकडे तोंड केलं. हात मागे बांधले. आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "टण."

मग तिने एक श्वास घेतला, पूर्ण, जराही घाई न करता.

"टण."

पुन्हा एक श्वास. शिट्टी थांबली. बाकावरची मुलं खाली उतरली, खालची वर आली.

"टण," ती म्हणाली, आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.